घरी संगीत रेकॉर्ड करायचंय? सॉफ्टवेअर असं निवडा

घरी रेकॉर्डिंग सुरू करायचं ठरवलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कोणतं? उत्तर द्यायला लोक तयारच असतात, आणि जो तो आपण वापरतो त्याचंच नाव सांगतो. या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडते. एकच रेकॉर्डिंग घ्या, त्यावर कोणताही इफेक्ट लावू नका, ट्रॅकची, म्हणजे आवाजाच्या प्रत्येक थराची, पातळी सारखी ठेवा आणि दोन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमधून फाइल बाहेर काढा. कानाला फरक कळणार नाही. आवाज घडतो तो गळ्यात, वाद्यात, खोलीत आणि माइक कुठे ठेवलाय त्यात. डोक्यातली चाल ट्रॅकवर यायला किती वेळ लागतो आणि मधे किती वेळा हात अडतो, हे मात्र सॉफ्टवेअर ठरवतं.

म्हणून निवड करायची ती आपल्या कामाच्या पद्धतीवरून. वैशिष्ट्यांच्या याद्या वाचत बसलात तर सगळीच सॉफ्टवेअर सगळंच करतात असं वाटेल, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. फरक कळतो तो हातात घेतल्यावर. खालच्या पायऱ्या त्या क्रमाने केल्यात, तर एका आठवड्याच्या संध्याकाळी खर्चून निर्णय होतो.

पायरी १: पहिलं काम लिहून काढा

‘अल्बम करायचाय’ असं लिहू नका, त्यातून काहीच ठरत नाही. येत्या दोन-तीन महिन्यांत पूर्ण होईल असं एक काम लिहा, आणि त्यात एका वेळी किती माइक लागतील, किती वाद्यं खरी वाजणार, किती संगणकातून येणार तेही लिहा. उदाहरणार्थ: ‘गिटार वाजवत मी गाणार, मग त्यावर स्वतःचाच दुसरा आवाज चढवणार, बाकी काही नाही.’ किंवा ‘माझ्याकडे माइक नाही, फक्त लॅपटॉप आणि छोटा कीबोर्ड आहे, मला बीट तयार करायच्या आहेत.’ किंवा ‘व्हायोलिन, चेलो, बासरी अशी वाद्यं संगणकातून वाजवून मला पार्श्वसंगीत लिहायचंय.’

ही तीन कामं तीन वेगळ्या सॉफ्टवेअरकडे नेतात. ती का, हे कळायला पुढची पायरी नीट समजून घ्या. नवखे लोक इथेच सगळ्यात जास्त गोंधळतात.

पायरी २: ऑडिओ आणि मिडी यांतला फरक पक्का करा

माइकमधून किंवा गिटारच्या वायरमधून जे येतं ते ऑडिओ. तो प्रत्यक्ष आवाज असतो. मिडीमध्ये आवाज नसतोच. कोणता स्वर, केव्हा दाबला, किती जोरात दाबला, केव्हा सोडला, एवढीच माहिती त्यात असते. वादकाच्या पुढ्यात ठेवलेल्या नोटेशनसारखी. ते वाजवायला संगणकात एखादं सॉफ्टवेअर-वाद्य लागतं. म्हणूनच मिडीत आज पियानोवर वाजवलेली ओळ उद्या सतारीच्या आवाजात ऐकता येते, चुकलेला एकच स्वर उचलून जागेवर नेता येतो, आणि सगळं गाणं दोन पट्ट्या खाली आणलं तरी आवाजाची वाट लागत नाही. ऑडिओत ही मोकळीक फार कमी.

मिडीचं मानक १९८३ साली आलं. सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी या दोघांचा त्यात मोठा वाटा. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू लागली आणि त्या पाठोपाठ मिडी नोंदवून पुन्हा वाजवणारी सॉफ्टवेअर, म्हणजे सिक्वेन्सर, फोफावली. क्यूबेस १९८९ मध्ये अटारी संगणकावर आलं तेव्हा ते मिडीचंच सॉफ्टवेअर होतं. प्रो टूल्स १९९१ मध्ये आलं ते मात्र टेप रेकॉर्डरची जागा घ्यायला, आवाज रेकॉर्ड करून कापायला-जोडायला. एफएल स्टुडिओचा जन्म १९९७ मध्ये फ्रूटीलूप्स या नावाने झाला, आणि सुरुवातीला ते चौकोनांत ठोके भरायचं ड्रम मशीन होतं. एबल्टन लाइव्ह २००१ मध्ये आलं ते रंगमंचावर लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारे छोटे तुकडे, वाजवणाऱ्यांसाठी.

आज यांतलं प्रत्येक जण दुसऱ्याची कामं करतं. या सगळ्यांना मिळून डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन, थोडक्यात डीएडब्ल्यू, म्हणतात. तरी मूळ स्वभाव गेलेला नाही. एफएल स्टुडिओ उघडलं की समोर ठोक्यांचे चौकोन येतात. प्रो टूल्स उघडलं की डावीकडून उजवीकडे जाणारी पट्टी आणि कात्री हाताशी असते. लाइव्हमध्ये एक जाळी दिसते, त्यातला कुठलाही तुकडा कुठल्याही क्षणी सुरू करता येतो. तुमचं लिहिलेलं काम यांतल्या कोणत्या स्वभावाला जवळचं आहे ते बघा. गाणारा-वाजवणारा माणूस बहुधा पट्टीवाल्या सॉफ्टवेअरमध्ये रमतो, बीट बांधणारा जाळी किंवा चौकोनांत.

पायरी ३: संगणकाने कोणते पर्याय आधीच कमी केलेत ते बघा

लॉजिक प्रो आणि गॅरेजबँड फक्त अ‍ॅपलच्या यंत्रांवर चालतात. लॉजिक पूर्वी विंडोजवरही होतं. अ‍ॅपलने २००२ मध्ये ते बनवणारी इमॅजिक ही कंपनी विकत घेतली आणि विंडोजची आवृत्ती बंद झाली. रीपर, बिटविग स्टुडिओ, वेव्हफॉर्म आणि आर्डर ही लिनक्सवरही चालतात. क्यूबेस, लाइव्ह, एफएल स्टुडिओ, प्रो टूल्स ही विंडोज आणि मॅकवर.

प्लगिनचंही इथेच तपासून घ्या. प्लगिन म्हणजे डीएडब्ल्यूच्या आत उघडणारी वाद्यं आणि इफेक्ट. त्यांचे निरनिराळे साचे आहेत. स्टाइनबर्गने १९९६ मध्ये आणलेला व्हीएसटी सर्वांत जास्त चालतो, मॅकवर एयू आहे, प्रो टूल्सचा स्वतःचा एएएक्स. लॉजिक आणि गॅरेजबँड व्हीएसटी उघडत नाहीत, प्रो टूल्सही नाही. मित्राने सांगितलेलं एखादं खास वाद्य तुम्हाला हवंच असेल, तर ते कोणत्या साच्यात मिळतं ते आधी बघा. बहुतेक मोठे निर्माते तिन्ही साच्यांत देतात. छोटी, फुकट मिळणारी प्लगिन बरेचदा एकदोनच साच्यांत असतात.

मेमरीचं म्हणाल तर आवाज आणि गिटारला ८ जीबी पुरते. खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या नमुन्यांवर चालणारी ऑर्केस्ट्राची वाद्यं वापरायची असतील तर १६ जीबीशिवाय हाल होतात. डिस्कचा हिशेब सोपा आहे: ४८,००० सँपल रेट (म्हणजे सेकंदाला आवाजाची इतकी मापं) आणि २४ बिटला (म्हणजे प्रत्येक मापाची बारकाई) एका मोनो ट्रॅकच्या एका मिनिटाला साडेआठ एमबीच्या थोडं वर जागा लागते. चार मिनिटांच्या गाण्यात दहा ट्रॅक, म्हणजे साधारण साडेतीनशे एमबी. पण एकेका ओळीचे पाच-पाच टेक, म्हणजे पुन्हा पुन्हा केलेली रेकॉर्डिंग, ठेवायची सवय लागली की हाच आकडा दीड-दोन जीबीवर जातो.

पायरी ४: लेटन्सी समजून घ्या, मगच काही विकत घ्या

घरच्या रेकॉर्डिंगमध्ये लोक सगळ्यात जास्त वैतागतात ते इथे, आणि बरेच जण सॉफ्टवेअर वाईट म्हणून दुसरं शोधायला लागतात. बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचा दोष नसतो.

तुम्ही गाता, आवाज इंटरफेसमधून (माइक आणि वाद्य संगणकाला जोडणाऱ्या डब्यातून) संगणकात जातो, सॉफ्टवेअर त्यावर काम करतं आणि तो हेडफोनमध्ये परत येतो. या फेरीला वेळ लागतो, त्याला लेटन्सी म्हणतात. संगणक आवाज एकेक थेंब घेत नाही, ठरावीक आकाराच्या गठ्ठ्यांनी घेतो. त्या गठ्ठ्याचा आकार म्हणजे बफर. बफर १२८ सँपलचा आणि सँपल रेट ४८,००० असेल तर एक गठ्ठा भरायला सुमारे २.७ मिलिसेकंद लागतात. आत येताना एक गठ्ठा, बाहेर जाताना एक, शिवाय इंटरफेसचा स्वतःचा थोडा वेळ. एकूण सात-आठ मिलिसेकंदांच्या आसपास आलं तरी चालतं. हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे हा उशीर अडीच मीटरवर ठेवलेल्या स्पीकरइतका झाला. पण बफर १०२४ केला की एकाच गठ्ठ्याला २१ मिलिसेकंद होतात, आणि दोन्ही बाजू मिळून चाळीसच्या वर. आपलाच आवाज मागून येतोय असं वाटतं, लय ढिली पडते, गाणारा नकळत मागे रेलायला लागतो.

मग बफर कायम लहानच का ठेवू नये? कारण गठ्ठे छोटे झाले की संगणकाला ते वेळेत पोचवायला धावपळ होते आणि आवाजात तडतड येते. रिवाज असा आहे की रेकॉर्ड करताना बफर ६४ किंवा १२८, आणि मिक्स करताना ५१२ किंवा १०२४.

विंडोजवर यासाठी एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे इंटरफेस आणि संगणक यांची गाठ घालणारं छोटं सॉफ्टवेअर, लागतो. तो इंटरफेस बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून घ्यायचा; विंडोजने आपणहून लावलेला ड्रायव्हर रेकॉर्डिंगला अनेकदा मंद पडतो. इंटरफेस नसेल, तर एएसआयओ-फॉर-ऑल हा सर्वसाधारण ड्रायव्हर शिकण्यापुरता चालतो. मॅकवर कोअर ऑडिओ आधीच असतो. ब्लूटूथ हेडफोन मात्र रेकॉर्डिंगच्या वेळी नकोच, त्यांचा उशीर कोणत्याही सेटिंगने झाकत नाही. इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ नावाचं बटण असेल तर ते दाबा: आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनला येतो आणि लेटन्सीचा प्रश्नच मिटतो. फक्त तेव्हा सॉफ्टवेअरमधला त्या ट्रॅकचा मॉनिटर, म्हणजे गाताना आवाज ऐकवायची सोय, बंद करा, नाहीतर आवाज दोनदा ऐकू येईल.

आता एक चाचणी, ती जरूर करा. स्पीकर बंद करून हेडफोन काढून ठेवा. इंटरफेसच्या बाहेर जाणाऱ्या जॅकमधून एक वायर त्याच इंटरफेसच्या आत येणाऱ्या लाइन जॅकला जोडा. पहिल्या ट्रॅकवर काठीचा किंवा क्लिकचा एक टोकदार ठोका ठेवा. दुसऱ्या ट्रॅकचा मॉनिटर बंद करा, तो ट्रॅक बाहेरच्या जॅकला जाणार नाही याची खात्री करा आणि त्यावर हा ठोका रेकॉर्ड करा. मग दोन्ही ठोके पडद्यावर मोठे करून बघा. सॉफ्टवेअरने उशीर बरोबर भरून काढला असेल तर दोन्ही एकाखाली एक दिसतील. दुसरा समजा ६० सँपल मागे असेल, तर ४८,००० ला तो सव्वा मिलिसेकंद झाला. एका ट्रॅकवर ते कळणार नाही, पण प्रत्येक नव्या थरात ते तसंच येत राहतं. जवळपास प्रत्येक चांगल्या डीएडब्ल्यूमध्ये हा फरक हाताने भरायची जागा असते. रीपरमध्ये ती रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये आहे, लाइव्हमध्ये ऑडिओ सेटिंगमध्ये. एकदा आकडा भरला की त्या इंटरफेसपुरतं काम झालं.

पायरी ५: दोनच उमेदवार निवडा

इथे माझी मतं स्पष्ट लिहितो.

मॅक असेल तर गॅरेजबँडपासून सुरुवात करा. ते फुकट आहे, सोबत भरपूर वाद्यं येतात, आणि पुढे लॉजिक प्रोमध्ये जायचं ठरलं तर गॅरेजबँडचं काम तिथे उघडतं. सोबत मिळणाऱ्या आवाजांच्या बाबतीत लॉजिक इतकं उदार आहे की बरीच वर्षं बाहेरचं काही घ्यावं लागत नाही.

विंडोज किंवा लिनक्सवर गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला मी रीपर सांगतो. विनॅम्प हा गाणी वाजवणारा प्रोग्राम बनवणारे जस्टिन फ्रँकेल यांनी ते २००६ मध्ये आणलं. जुन्या संगणकावरही ते हलकं चालतं, ६० दिवस कुठलीही सोय न कापता वापरून बघता येतं, आणि त्यातली जवळपास प्रत्येक गोष्ट आपल्याला हवी तशी बदलता येते. हाच त्याचा त्रासही आहे. मेनू लांबलचक आहेत आणि सोबत वाद्यं जवळजवळ नाहीत. मिडीचं काम करायचं असेल तर सर्ज एक्सटीसारखं फुकटचं सिंथ किंवा दुसरी वाद्यं आणून लावावी लागतात.

बीट आणि इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी एफएल स्टुडिओ किंवा लाइव्ह. एफएल स्टुडिओ एकदा घेतलं की पुढच्या आवृत्त्या आयुष्यभर फुकट मिळतात, ही त्यांची जुनी आणि पाळलेली रीत आहे. त्याची चाचणी आवृत्ती हवे तितके दिवस चालते, पण त्यात साठवलेलं काम विकत घेतल्याशिवाय पुन्हा उघडता येत नाही, हे ध्यानात ठेवून खेळा. लूप वाजवत वाजवतच चाल सुचते अशा माणसाला लाइव्ह आवडेल. आवडत्या तुकड्यांची अदलाबदल करताना गाणं थांबवावं लागत नाही.

वाद्यवृंदासाठी लिहिणाऱ्याने क्यूबेस बघावं. मिडीतले त्याचे बारकावे, नोटेशनची खिडकी आणि एकाच व्हायोलिनच्या वेगवेगळ्या वादनपद्धतींमध्ये सहज ये-जा करायची सोय अजूनही फार कमी ठिकाणी इतकी जमलेली आहे. व्यावसायिक स्टुडिओंशी सतत देवाणघेवाण होणार असेल तर प्रो टूल्स. घरी एकट्याने काम करणाऱ्या नवख्याला मी ते पहिलं म्हणून सांगणार नाही. मुक्त स्रोताचं हवं असेल तर आर्डर. कुठलीच मर्यादा नसलेलं फुकटचं हवं असेल तर वेव्हफॉर्म फ्री.

ऑडॅसिटीचं नाव इथे पुष्कळ जण घेतात. बोलण्याचं रेकॉर्डिंग, जुन्या कॅसेट संगणकात घेणं, एखादी फाइल साफ करणं यासाठी ते उत्तम आहे. पण त्यात मिडी कीबोर्ड जोडून सॉफ्टवेअर-वाद्य वाजवता-नोंदवता येत नाही, आणि थर चढवत गाणं बांधायला ते लवकरच अपुरं पडतं.

पायरी ६: तेच आठ बार दोन्हीकडे करून बघा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. दोन्ही उमेदवारांत एकच छोटं काम करायचं: आठ बार (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन), एक गाण्याची ओळ, एक साथ, एक बेस. शिकवणीचे व्हिडिओ न बघता आधी एकदा करून पाहा, अडलात तिथे कागदावर खूण करा, मगच मदत शोधा.

नवं काम उघडा, टेम्पो ८४ ठेवा, क्लिक, म्हणजे लय दाखवणारी टिकटिक, लावा आणि आधी दोन बार मोजणी येईल असं करा. ही मोजणी सापडायला किती वेळ लागला ते बघा. रोज लागणारी गोष्ट आहे ती.

मग ओळ गा, चार वेळा, एकाच ट्रॅकवर लूप लावून. चारही टेक एकाखाली एक दिसायला हवेत. आता त्यांतून एक चांगली ओळ जुळवा. याला कॉम्पिंग म्हणतात, आणि गाणाऱ्यासाठी सॉफ्टवेअरची खरी परीक्षा इथे होते. समजा पहिल्या टेकचा उठाव छान आहे आणि तिसऱ्याचा शेवट. दोन्हींच्या मधे श्वास आहे. श्वासाच्या मधोमध कापलंत तर एक अर्धा श्वास आणि त्याला चिकटलेला दुसरा अर्धा ऐकू येईल, म्हणून श्वास सुरू होण्याच्या जरा आधी कापा आणि पूर्ण श्वास तिसऱ्या टेकचाच घ्या. आता जोड ऐका. ‘टिक’ असा बारीक आवाज आला तर समजा की कापलेल्या जागी ध्वनीची लाट एका उंचीवरून दुसरीवर एकदम उडी मारतेय. तिथे दहा मिलिसेकंदांचा क्रॉसफेड दिला, म्हणजे एक तुकडा हळूहळू विरत दुसरा हळूहळू वर आणला, की टिक जाते. काही सॉफ्टवेअर हा क्रॉसफेड आपणहून लावतात, काहींत तो चालू करावा लागतो. एका उमेदवारात हे सगळं माउसच्या चार हालचालींत झालं आणि दुसऱ्यात पंधरा लागल्या, तर हा फरक लिहून ठेवा.

नंतर बेस मिडीत वाजवा. कीबोर्ड नसेल तर माउसने पियानो रोलमध्ये, म्हणजे स्वर आडव्या पट्ट्यांनी दाखवणाऱ्या खिडकीत, काढा. क्वांटाइझ करा, म्हणजे स्वर जवळच्या मात्रेच्या भागावर ओढून घ्या. मग तेच काम शंभर टक्क्यांऐवजी साठ टक्के करून ऐका. शंभरला यंत्र वाजवतंय असं वाटतं, साठला हाताची हालचाल टिकते. ही टक्केवारी पटकन सापडली का? एखाद्या स्वराची वेलॉसिटी, म्हणजे दाबाचा जोर, १२७ पैकी ९० वरून ६० वर आणता आली का?

मींड आणि घसीट ज्यांच्या संगीताचा प्राण आहे त्यांनी आणखी एक करून बघावं. मिडीत स्वर वाकवण्याला पिच बेंड म्हणतात. त्याच्या पायऱ्या १६,३८४ आहेत, म्हणजे बारकाव्याला कमी पडत नाहीत, पण बहुतेक वाद्यांत त्याची मजल सुरुवातीला वर-खाली दोन-दोन अर्धस्वरांपुरतीच ठेवलेली असते. ती बारापर्यंत वाढवा आणि पियानो रोलमध्ये षड्जावरून पंचमापर्यंत एक वळणदार रेघ काढा. रेघ गोलाईने काढता येते, की फक्त सरळ तुकड्यांत? काढलेला बिंदू सरकवायला सोपा आहे का? साध्या पिच बेंडने त्या चॅनेलवरचे सगळे स्वर एकत्र वाकतात. प्रत्येक स्वर स्वतंत्र वाकवायचा असेल तर एमपीई लागतं. लाइव्हमध्ये ते २०२१ मध्ये अकराव्या आवृत्तीपासून आलं, बिटविग आणि लॉजिकमध्येही आहे.

ताल चारचा नसेल तर पाचव्या बारपासून सातचा करून बघा. क्लिकची सम योग्य जागी पडते का, आणि क्लिकमधल्या जोराच्या मात्रा तीन-दोन-दोन अशा ठरवता येतात का? तसं नसेल तर ड्रमच्या एखाद्या आवाजाने आपलाच क्लिक मिडीत भरून ठेवता येतो. मी तर तोच नेहमी पसंत करतो, कारण कोरड्या टिकटिकीपेक्षा त्यावर गाणं सुचतं.

शेवटी टेम्पो ८४ वरून ८८ करा आणि काय होतं ते बघा. मिडी निमूटपणे वेग बदलेल. गायलेली ओळ काही सॉफ्टवेअरमध्ये आपोआप ताणली जाईल, काहींत जागच्या जागी राहून साथीपासून सुटेल. दोन्ही वागण्यांना अर्थ आहे, फक्त कोणतं घडतंय आणि ते कुठून बदलायचं हे कळलं पाहिजे. मग वेव्ह फाइल बाहेर काढा, सगळं बंद करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडून एक ओळ बदलायचा प्रयत्न करा. पहिल्या दिवशीच्या उत्साहात कुठलंही सॉफ्टवेअर आवडतं. दुसऱ्या दिवशी न शोधता हात कुठे गेला, त्यावर निवड करा.

पायरी ७: कोणती आवृत्ती, कशी विकत

एकाच नावाच्या तीन-चार आवृत्त्या असतात आणि खालच्या आवृत्तीत काय कापलंय ते तक्त्याच्या तळाशी लिहिलेलं असतं. प्रो टूल्सच्या फुकट आवृत्तीत ऑडिओचे आठ, वाद्यांचे आठ आणि मिडीचे आठ ट्रॅक मिळतात. लाइव्हच्या इंट्रोमध्ये सोळा ट्रॅक. गिटार आणि दोन आवाजांना एवढे पुरून उरतात, ड्रमच्या प्रत्येक आवाजाला वेगळा ट्रॅक देणाऱ्याला नाही. पहिल्या पायरीत लिहिलेला ट्रॅकचा हिशेब इथे कामाला येतो.

इंटरफेस किंवा मिडी कीबोर्ड घेतलात की त्याच्यासोबत बरेचदा एखाद्या डीएडब्ल्यूची छोटी आवृत्ती येते. आधी तिचा कोड वापरा. त्यावरून मोठ्या आवृत्तीकडे जाताना सवलतही मिळू शकते. विद्यार्थी आणि शिक्षकांसाठी वेगळे दर बहुतेक कंपन्या ठेवतात.

मासिक वर्गणी की एकदाच खरेदी? सुरुवात करणाऱ्याने एकदाच खरेदी करावी असं मला वाटतं. संगीत घरी करणाऱ्याचे काही महिने रिकामे जातातच, आणि वर्गणी संपली की जुनं गाणं उघडून एक शब्द दुरुस्त करायचाही मार्ग बंद होऊ शकतो. वर्गणीच घ्यायची असेल तर ती थांबल्यावर जुनी कामं निदान उघडतात का, ऐकता येतात का, एवढं वाचून घ्या.

पायरी ८: बाहेर पडायची वाट आधीच बघून ठेवा

सोनार हे विंडोजवरचं जुनं, नावाजलेलं सॉफ्टवेअर. नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सनने त्याची मालक कंपनी केकवॉकचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं, आणि वर्षानुवर्षं त्यात काम केलेले लोक एका दिवसात अधांतरी झाले. २०१८ मध्ये बँडलॅबने ते घेतलं म्हणून ते टिकलं. प्रत्येक वेळी असं कुणी येईलच असं नाही.

एका डीएडब्ल्यूची प्रोजेक्ट फाइल दुसऱ्यात सहसा उघडत नाही. बिटविग आणि प्रीसोनस यांनी २०२३ मध्ये डीएडब्ल्यू-प्रोजेक्ट नावाचा एक खुला साचा आणला, काही सॉफ्टवेअर तो वाचतात, पण सगळी नाहीत. त्यामुळे गाणं पूर्ण झालं की त्याचे स्टेम काढून ठेवायची सवय लावा. स्टेम म्हणजे प्रत्येक ट्रॅकची स्वतंत्र वेव्ह फाइल, आणि प्रत्येक फाइल गाण्याच्या अगदी पहिल्या बारपासून सुरू झालेली, मग तो ट्रॅक तिसऱ्या मिनिटाला का वाजेना. अशा फाइली कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये शून्यावर ठेवल्या की सगळं आपोआप जुळतं. इफेक्ट लावलेला एक संच आणि कोरडा एक, असे दोन काढा. सोबत मिडी फाइल आणि एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये टेम्पो, ताल, सूर आणि कोणतं वाद्य-प्लगिन वापरलं ते. दोन्ही उमेदवारांत हे सगळे ट्रॅक एका दमात निघतात का तेही सहाव्या पायरीबरोबरच बघून घ्या. एकेक ट्रॅक वेगळा काढावा लागला तर तुम्ही ते काम टाळत राहाल.

पायरी ९: निवडल्यावर पहिला आठवडा

नवी प्लगिन आणू नका. सॉफ्टवेअरसोबत आलेले इक्वलायझर, कॉम्प्रेसर आणि रिव्हर्ब हे इफेक्ट पहिल्या कित्येक गाण्यांना पुरेसे आहेत.

सँपल रेट ४८,००० किंवा ४४,१०० यांपैकी एक धरून ठेवा, बिट २४. रेकॉर्ड करताना मीटरवरचं सर्वांत उंच टोक उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधे राहील एवढाच गेन, म्हणजे इंटरफेसवरची इनपुटची पातळी, द्या. मीटर लाल होईपर्यंत भरायची गरज २४ बिटला नाही. खाली इतकी जागा आहे की घरातल्या पंख्याची घरघर त्याच्या खूप आधी ऐकू येते. शून्याच्या वर गेलेला आवाज मात्र फाटतो आणि तो नंतर नीट होत नाही.

प्ले-थांबा, रेकॉर्ड, तुकडा कापणं, पूर्ववत करणं, पडदा लहान-मोठा करणं, लूप, क्लिक आणि साठवणं यांचे शॉर्टकट पाठ करा. बाकीचे गरजेप्रमाणे येतील. माउस सोडून या आठांवर हात बसला की गाताना मन सॉफ्टवेअरवरून उठतं.

मग एक टेम्प्लेट करा: गाण्याचा ट्रॅक, साथीचा ट्रॅक, दोन रिकामे मिडी ट्रॅक, एक रिव्हर्बचा सामायिक ट्रॅक, आणि तुमचा क्लिक. प्रत्येकाला नाव आणि रंग द्या, इनपुट आधीच निवडून ठेवा. चाल सुचल्यावर रेकॉर्डचं बटण दाबायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागू नये, हे टेम्प्लेटचं माप. प्रत्येक गाण्याचं वेगळं फोल्डर ठेवा आणि साठवताना ‘सर्व ऑडिओ फाइली याच फोल्डरमध्ये कॉपी करा’ अशा अर्थाचा पर्याय चालू करा. तो बंद राहिला तर काही फाइली डेस्कटॉपवर, काही डाउनलोडमध्ये पडतात, आणि फोल्डर दुसऱ्या डिस्कवर नेल्यावर अर्धे ट्रॅक गायब दिसतात. त्या आठवड्याच्या शेवटी एकदा ते फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवा, मूळ फोल्डरचं नाव तात्पुरतं बदला आणि डिस्कवरची प्रत उघडून बघा. सगळे ट्रॅक वाजले तर पुढचं गाणं सुरू करा.